ट्रॉलीवरचा उस्ताद

पुसद तालुक्यात धावजी आडेला ओळखत नाही असा माणूस भेटला, तर तो कालच बदली होऊन आलेला असणार असं खुशाल समजावं. निम्मे लोक त्याला चेहऱ्यानं ओळखत आणि निम्मे नुसत्या आवाजानं. चेहऱ्यानं ओळखणाऱ्यांच्या लक्षात राहत ते त्याचे कान. वीस वर्षं मातीत रगडून दोन्ही कान सुजून असे घट्ट झालेले, की आत भोक शिल्लक आहे की नाही याची शंका यावी. आवाजानं ओळखणाऱ्यांत बायका जास्त. पूसकाठ रेडिओवर त्याचं कुस्तीचं वर्णन सुरू झालं की चुलीपुढची बाई भाकर तव्यावर टाकायची विसरे. अशा या माणसाला गेली दोन वर्षं एक खोटं आतून खात होतं, आणि ते रोशनला, त्याच्या लाडक्या चेल्याला, कळता कामा नये, एवढ्यासाठी तो जगत होता.

धावजी पोटासाठी कुस्ती खेळणारा पैलवान. हे सांगताना तो कधी लाजला नाही. "मेडल-फिडल आपल्यापाशी काई नाई बाप्पा," तो म्हणे, "आपन जत्रेचे पैलवान." बाप ऊसतोडीला जाई, त्याच्याबरोबर फडात कोयता चालवायचं सोडून पोरगं पंधराव्या वर्षी पुसदच्या एका आखाड्यात पळून आलं. माती चाळली, झाडलोट केली, मोठ्या पैलवानांची अंगं रगडली आणि एकोणिसाव्या वर्षी पहिल्या दंगलीत उतरलं. मग पोळा झाला की मोसम सुरू. दिग्रस, महागाव, उमरखेड, पुढं हिंगोली, नांदेडपर्यंत. एसटीनं जायचं, मंदिराच्या ओसरीवर पथारी टाकायची आणि दुपारी तीनला लंगोट कसायचा. जिंकला तर डफड्याच्या तालावर मैदानाला फेरी आणि लोकांची गर्दी. हरला तर अंगावरची माती न धुताच शर्ट चढवून स्टँड गाठायचा. अशा सहाशे कुस्त्या झाल्या असतील, सातशे झाल्या असतील. त्यानं मोजल्या नाहीत आणि दुसरं कोण मोजणार!

दोन हजार नऊ साली एका मैदानात गुडघा उलटा गेला आणि सगळं संपलं. पैलवानाचं म्हातारपण चाळिशीच्या आतच येतं, आणि अंगानं तो असा धडधाकट दिसतो की कोणाला त्याची कीवही येत नाही. धावजीनं एका गोदामाची राखण केली, दुधाची गाडी हाकली. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी तांड्याच्या पारावर बसून तो जुन्या कुस्त्या सांगे, आणि ऐकणारे हळूहळू उठून जात.

त्याला पुन्हा माणसांत आणलं ते पुंडलिकरावांनी. पुंडलिकराव म्हणजे विज्ञानाचे निवृत्त गुरुजी. लोक निवृत्तीनंतर देवदर्शनाला जातात, या गृहस्थांनी दोन हजार बारा साली रेडिओ केंद्र काढलं. दिल्लीपर्यंत कागद धाडून परवाना आणला. केंद्र म्हणजे काय, तर शाळेची जुनी प्रयोगशाळा, भिंतींना ठोकलेलं गोणपाट, एक माईक, एक कॉम्प्युटर आणि छतावर लोखंडी मनोरा. बारा गावं आणि सात तांडे एवढंच राज्य. त्यावर बोंडअळीचा सल्ला लागे, हळदीचा भाव लागे, बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली गाणी लागत. पण खरं नाव झालं ते हरवलेल्या बकऱ्यांमुळं. रोज सकाळी सव्वासातला कोणाची बकरी कुठून गेली, रंग कोणता, शिंग कोणतं मोडलं, हे पुंडलिकराव बातम्यांच्या गंभीर आवाजात सांगत. एकदा तिसऱ्यांदा पुकारलेली बकरी केंद्राच्याच मागं पत्र्याखाली रवंथ करताना सापडली. त्या दिवसापासून लोकांचा रेडिओवर विश्वास बसला.

दोन वर्षांनी पुंडलिकरावांनी धावजीला मुलाखतीला बोलावलं. वीस मिनिटांची मुलाखत. एक कुस्ती वर्णन करून सांगा म्हणाले. धावजीनं डोळे मिटले आणि जी सुरुवात केली, ती पुढची शेतीची माहिती गिळून, बातम्या गिळून, थेट दुपारच्या गाण्यांपाशी येऊन थांबली. तेवढ्यात चार गावांतून फोन आले, की ही कुस्ती कुठं चालू आहे, आम्ही येतो. ती कुस्ती सत्त्याण्णव सालची होती. पुढच्या मोसमापासून प्रत्येक मोठ्या दंगलीचं वर्णन मैदानावरून थेट रेडिओवर जायला लागलं आणि धावजी आडे दुसऱ्यांदा पैलवान झाला.

त्याच उत्साहात त्यानं तांड्यावर पत्र्याचं शेड टाकून आखाडा सुरू केला. दहा-बारा पोरं येत. त्यांतला रोशन हा सुखीबाईचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला, आई, त्याच्या गोरबोलीत 'याडी', दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, वेचायला जाणारी. पोरगा चपळ, हट्टी आणि शिकवलेलं एकदा सांगून कळणारा. धावजी त्याला पोराच्या जागी मानायचा, असं लोक म्हणत. ते कमीच म्हणत. आपल्याला जे जमलं नाही ते या पोराकडून करून घ्यायचं, अशी त्याच्या मनात भूक होती. बापाची माया आणि ही भूक त्याला वेगळी करता येत नव्हती, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

आपल्या पोरांना धावजी डावांच्या आधी एक खूण शिकवी. मान वाकडी अडकली, श्वास कोंडला, तर लाज धरायची नाही. मोकळ्या हाताचा तळवा मातीवर दोनदा आपटायचा. उस्ताद मैदानाच्या कडेला दुपट्टा घेऊन बसलेला असतो, तो दुपट्टा आत फेकील. त्या भागातल्या जत्रांचा रिवाजच असा, की उस्तादाचा दुपट्टा मातीत पडला की पंच कुस्ती सोडवतात. दुसऱ्या कोणी कितीही ओरडलं तरी पंच हलत नाहीत. तळव्याची खूण मात्र फक्त धावजीच्या आखाड्याची. ती त्याला आणि त्याच्या पोरांनाच कळायची.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या जत्रेत, रोशनची जोड नांदेडकडच्या एका भारी पैलवानाशी लागली. शेवटची, मानाची कुस्ती. धावजी महिनाभर आधीपासून रेडिओवर तिचीच टिमकी वाजवत होता. आता एक माणूस एका वेळी कडेला दुपट्टा घेऊन बसणार की माईक धरणार? निकितानं त्याला हे विचारलं होतं. निकिता म्हणजे पुंडलिकरावांच्या हाताखाली शिकलेली मुलगी. करोनात ते गेले, तेव्हापासून केंद्र तीच चालवत होती.

"काका, कडेला दुसऱ्या कोनाले बसवा ना," ती म्हणाली होती.

"माह्या पोराची कुस्ती दुसरा कायले पाहीन? मी दोनी करतो. दुपट्टा माह्याच गळ्यात राहीन."

आणि दुसरी गोष्टही त्यानंच घडवून आणली. आधीच्या वर्षापर्यंत रेडिओचं वर्णन मैदानाच्या भोंग्यावरूनच जाई. पण त्या भोंग्यावर सारखी देणगीदारांची नावं, हरवलेल्या पोरांचे पुकारे. ऐन डावात कोणाच्या तरी काकांचं नाव घुसे. धावजी चिडे. म्हणून त्या वर्षी त्यानं हट्ट करून रेडिओसाठी वेगळा माईक घेतला, आणि डफड्याचा गोंगाट नको म्हणून मैदानापासून साठ पावलं लांब, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खुर्ची टाकून बसला. गळ्यात दुपट्टा, हातात माईक. मध्ये पाच-सहा हजार माणसं.

कुस्ती रंगली. अठरा मिनिटं कोणी कोणाला ऐकेना. धावजीच्या तोंडून शब्द असे सुटत होते, की केंद्रात बसलेली निकिता पाणी प्यायचं विसरली. मग रोशननं टांग मारायला वाकून आत जायचा प्रयत्न केला आणि नांदेडकरानं त्याची मान काखेत धरली. घट्ट. रोशनचा उजवा हात मोकळा होता. त्यानं तळवा मातीवर आपटला. एकदा. पुन्हा एकदा.

धावजीला ते दिसलं. ट्रॉली उंच होती, ऊन समोरून नव्हतं, त्याला सगळं लख्ख दिसलं. आणि तो माईकमध्ये ओरडला, "रोशननं मातीवर दोनदा हात आपटला! मातीले सांगून राह्यला का माय, आता जोर दे! पाहा, पाहा, आता सुटते!"

का म्हणाला तसं? पुढं दोन वर्षं तो हेच स्वतःला विचारत राहिला. अशाच पकडीतून तो स्वतः एकदा सुटला होता. रोशनही सुटेल असं वाटलं. बारा गावं ऐकत होती. कुस्ती हातची जाऊ नये असं वाटलं. सगळंच खरं होतं आणि त्यातलं एकही कारण पुरेसं नव्हतं. सहा-सात श्वास गेले असतील. मग नांदेडकर वळला, रोशनचे पाय जमिनीवरून उचलले गेले. "सोडवा! कुस्ती सोडवा! अरे सोडवा रे!" धावजी जीव तोडून ओरडला.

बारा गावांनी आणि सात तांड्यांनी ते ऐकलं. नऊ किलोमीटरवर घरात बसलेल्या सुखीबाईनं ऐकलं आणि ती अनवाणी रस्त्यावर धावली. ऐकलं नाही ते फक्त मैदानातल्यांनी, कारण तो माईक मैदानाचा नव्हता. भोंग्यावर तेव्हा मंदिराच्या सभामंडपाला सिमेंट देणाऱ्याचं नाव चाललं होतं. धावजीनं गळ्यातला दुपट्टा ओढून फेकला. तो ट्रॉलीपुढं उभ्या असलेल्या कोणाच्या तरी डोक्यावर पडला, आणि त्या माणसानं तो हसत हसत वर हलवला.

रोशन वाचला. यवतमाळ, मग नागपूर, चार महिन्यांनी घरी. मानेखालचं शरीर मात्र परत आलं नाही.

लोक वाईट नव्हते. कोणीही धावजीला बोल लावला नाही. उलट भेटेल तो म्हणे, "पैलवान, तुमी तर वरडले होते. आमी कानानं ऐकलं. तुमची काय चूक?" सुखीबाईसुद्धा हेच म्हणाली. ती "सोडवा" ची हाक एवढी मोठी झाली होती, की तिच्या आधी काय बोललं गेलं ते कोणाच्या ध्यानातच नव्हतं. आणि असतं तरी हात आपटण्याचा अर्थ त्यांना कुठं ठाऊक होता! तो ठाऊक होता रोशनला आणि आखाड्यातल्या पोरांना. पण वर्णन त्यांतल्या कोणीच ऐकलं नव्हतं; पोरं तेव्हा मैदानाच्या गर्दीत मागं अडकली होती आणि रोशन मातीत होता.

घरी आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यानं विचारलं, "उस्ताद, मी हात आपटलता. तुमाले दिसलं नाई का?"

धावजी म्हणाला, "नाई रे बेटा. मधात लय गर्दी होती."

"मले वाटलंच," रोशन म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. नुसता उतरला नाही, तो हसला. त्या हसण्यासाठी धावजीनं ते खोटं जपलं. पोराचं सगळं गेलं होतं. उस्तादानं आपल्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं नाही, एवढा एक भरवसा उरला होता, तो कसा काढून घ्यायचा?

मग तो दिवसातून चार वेळा सुखीबाईकडं जायला लागला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर काही तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. रोशनचं अंग अजून पैलवानाचंच, जड. सुखीबाई काटकुळी, तिच्यानं ते व्हायचं नाही. धावजी एक हात मानेखाली घाली, एक कमरेखाली, आणि त्याला अलगद वळवी. अंघोळ घाली, दाढी करी. आखाडा बंद केला. रेडिओवर जायचंही बंद केलं. एकदा मात्र रोशन म्हणाला, "उस्ताद, ते कुस्ती मले एकदा ऐकू द्या ना. समदे म्हंतेत, तुमी काय वरडले होते मनून." धावजी दुसरं खोटं बोलला, की ती टेप मिटून गेली.

टेप मिटली नव्हती. निकितानं प्रत्येक कार्यक्रम जपून ठेवला होता, बकऱ्यांसकट.

यंदाच्या मार्चमध्ये रेडिओच बंद व्हायची पाळी आली. मनोरा गंजला होता, परवान्याची मुदत संपत होती, शाळेला खोली परत हवी होती, आणि खरं म्हणजे ऐकणारे मोबाईलकडं गेले होते. निकितानं ठरवलं, शेवटचा आठवडा लोकांच्या फर्माईशीचा. ज्याला जे जुनं ऐकायचं असेल ते लावायचं. सोमवारी सकाळी तिनं जाहीर केलं, की रविवारी दहा वाजता, अगदी शेवटचा कार्यक्रम म्हणून, रोशन पवारच्या फर्माईशीवरून महाशिवरात्रीची ती कुस्ती लागेल. सुखीबाईनं फोन त्याच्या कानाशी धरला होता आणि बोलला तो स्वतः.

धावजी त्याच दुपारी केंद्रावर गेला. निकितानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या कानांवर हेडफोन बसत नसे, म्हणून तिनं स्पीकर लावून टेप सुरू केली. स्वतःचा तो उन्मत्त आवाज ऐकून धावजीनं खाली पाहिलं.

"काका, वीस मिनिटं हायेत. थोडं कापावं लागीन. कुठून ठेवू?" तिनं विचारलं.

संधी चालून आली होती. "ते हात आपटल्याचं काढून टाक," तो म्हणाला.

"कोणतं हात आपटल्याचं?" तिनं टेप मागं घेतली, ऐकलं. "हे? काहून पण? मस्त बोलले तुमी इथं. हेच तर ऐकन्यासारखं हाय."

काहून, ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. धावजीनं तोंड उघडलं. सातशे कुस्त्या खेळलेला, बारा गावांना आवाजानं जागेवर खिळवणारा माणूस, त्याला त्या चोवीस वर्षांच्या पोरीपुढं एक वाक्य बोलता येईना. "राहू दे," तो म्हणाला. "तुले ठीक वाटीन तसं कर."

मग रोशनला आपणच आधी सांगावं असं त्यानं ठरवलं. मंगळवारी सांगणार होता, बुधवारी सांगणार होता. गुरुवारी तर दाढी करता करता "रोशन, एक सांगायचं होतं" इथपर्यंत आला. रोशन म्हणाला, "टेपचं ना? मिटली नव्हती ते मले निकिताताईनं सांगितलं. मले वाईट वाटू नये मनून बोलले तुमी. कळते मले." एवढी समजूत त्यानं आपणहून घालून घेतल्यावर धावजीच्या हातातलं पातं थांबलं, आणि मग तो पुन्हा दाढी करायला लागला.

रविवारी पावणेदहाला तो रोशनच्या खाटेशी बसला होता. सुखीबाईनं रेडिओ उशाशी ठेवला. आजूबाजूची दोघं-चौघं दारात येऊन टेकली. निकिताचा आवाज आला, जरा घोगरा, आणि मग धावजीचा. दारातली माणसं खुलली. रोशनचे डोळे छताकडं लागले होते, ओठ हलत होते, प्रत्येक डावाचं नाव तो आधीच पुटपुटत होता. रेडिओचं बटण धावजीच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. रोशन ते हलवू शकत नव्हता, धावजी शकत होता. त्यानं हात उचलला आणि मांडीवर परत ठेवला. आज बंद केला, तर मग का बंद केला हे सांगावं लागलंच असतं.

"...रोशननं मातीवर दोनदा हात आपटला!"

रोशनचे ओठ थांबले.

पुढचा जोर, पुढचा आनंद, सगळं त्या चौकोनी खोलीत वाजत राहिलं. सहा-सात श्वास. मग "सोडवा!" आलं आणि दारातली माणसं हळहळली. "पाहा, कसा जीव तोडून वरडले पैलवान," एकजण म्हणाला. सुखीबाईनं पदर डोळ्यांना लावला. टेप संपली. निकितानं बारा गावांचा आणि सात तांड्यांचा निरोप घेतला, आणि रेडिओ नुसता खरखरायला लागला. माणसं पांगली.

रोशन छताकडंच पाहत होता. धावजी वाट पाहत होता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रडला असता तरी बरं झालं असतं.

"साडेदहा झाले," अखेर धावजीच म्हणाला. "चल, कुशीवर घेतो तुले." त्यानं बाह्या सावरल्या आणि पुढं वाकला.

"राहू द्या," रोशन म्हणाला. आवाज शांत होता. "याडी करीन."

"अरे, माह्याच्यानं होते का ते?" सुखीबाई म्हणाली. "तुले येड लागलं का? उस्ताद हायेत ना."

"याडी, तू कर," तो पुन्हा म्हणाला. "त्यायले जाऊ दे."

सुखीबाईनं गोंधळून धावजीकडं पाहिलं. काय झालं हे तिला कळलं नव्हतं, आणि सांगणारं तिथं कोणी नव्हतं. धावजी उठला, बाहेर अंगणात आला. पायांत चपला घालायच्या राहून गेल्या. आत सुखीबाईनं पोराच्या खांद्याखाली हात घातला, दम धरला, जोर लावला. खाट करकरली आणि जागच्या जागी राहिली. तिनं पुन्हा जोर लावला. "थांब हं, थांब, एकदा आनखी," ती धापा टाकत म्हणाली. धावजी दाराबाहेर उभा होता, दोन्ही हात मोकळे, आणि त्याला कोणी हाक मारत नव्हतं.